उडीमार कोळ्याचं घर, वसईच्या हवेत

वसई-विरारमध्ये उडीमार कोळी पाळायचा तर तो विकत आणावा लागत नाही. जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली, गॅलरीच्या ग्रिलवर, गच्चीच्या कठड्यावर तो आधीपासून राहतोच आहे. जाळं विणून वाट बघत बसणाऱ्यांतला हा नव्हे. भिंतीवरून चालत येतो, थबकतो, सगळं अंग वळवून तुमच्याकडे बघतो आणि माशी दिसली की दबकत जाऊन झडप घालतो. बोट पुढे केलं तर पळून जाण्याऐवजी बोटाकडे टक लावतो. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून पाळायची हौस होते ती यामुळेच.

अडचण पुढे येते. डबा कसा करायचा याची जी माहिती सर्रास मिळते ती बहुतेक फिडिपस रिजियस या अमेरिकी जातीसाठी लिहिलेली असते. हा कोळी फ्लोरिडा, क्यूबा, बहामा भागातला. आपल्या घरगुती कोळ्यांहून अंगानं भरलेला, केसाळ, आणि तिकडे रीतसर विकत मिळणारा. त्याला पाळणारे लोक पुष्कळदा थंड देशांतले, हीटर लावलेल्या कोरड्या खोल्यांत राहणारे. म्हणून त्यांच्या सूचनांत डब्याखाली गरम पट्टी ठेवा, रोज पाण्याचा फवारा मारा, ओल टिकवायला शेवाळ घाला असं सगळं येतं. जून ते सप्टेंबर जिथे कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते आणि टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर डब्यात पहिल्यांदा बुरशी येते आणि मग कोळी जातो. आपल्याकडे डब्याचं पहिलं काम ओल बाहेर काढणं. दुसरं काम घरातल्या कीटकनाशकांपासून कोळ्याला वाचवणं. बाकी सजावट नंतरची.

कोणता कोळी घ्यायचा हे आधी ठरवा, कारण डब्याचं माप त्यावर ठरतं. आपल्या इमारतींत तीन जाती हमखास भेटतात. प्लेक्सिपस पायकुलीचा नर काळा, पाठीवर मधोमध पांढरा पट्टा आणि कडेनंही पांढऱ्या रेघा. मादी करडी-तपकिरी, लांबीला साधारण १ सेंटीमीटर किंवा जरा जास्त. मेनेमेरस बायव्हिटाटस चपटा, राखाडी, उन्हातल्या भिंतीवर रंगात रंग मिसळून बसलेला. तिसरा हॅसारियस अडॅन्सोनाय, या दोघांहून लहान; कुंड्यांच्या मागे, मोरीत, सावलीच्या कोपऱ्यांत असतो आणि त्याचा नर काळा, पोटावर पांढरी कोर असलेला. तिघेही माणसाच्या वस्तीबरोबर जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरलेले आहेत, त्यामुळे घरातला एखादा उचलल्यानं निसर्गाचं काही बिघडत नाही. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं प्लेक्सिपसची मादी घ्यावी असं माझं मत. ती मोठी असते, नरापेक्षा जास्त जगते आणि खायला मागेपुढे बघत नाही. नर मादीच्या शोधात सतत भटकणारा. त्याला डब्यात कोंडलं तर काचेवर येरझाऱ्या घालत राहतो, ते बघवत नाही.

वाडीतले कोळी वाडीतच राहू द्या. आंब्यावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्यांसारखाच दिसणारा एक उडीमार कोळी असतो, पुढचे पाय मिशांसारखे वर धरून चालतो. तो डब्यात फार टिकत नाही. तुंगारेश्वर अभयारण्यातून तर काहीच उचलायचं नाही; अभयारण्यातून कुठलाही वन्यजीव नेणं कायद्यानं गुन्हा आहे, मग तो बोटाच्या पेराएवढा का असेना. शिवाय अनोळखी दिसणारा कोळी खरोखरच अनोळखी असू शकतो. मुंबईच्या आरे कॉलनीतल्या एका उडीमार कोळ्याची २०१९ मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि वन अधिकारी सुनील लिमये यांच्यावरून तिला जर्झेगो सुनीललिमये हे नाव मिळालं. २०२१ मध्ये ठाण्यातल्या एका जातीला हुतात्मा पोलीस तुकाराम ओंबळे यांच्यावरून आयशियस तुकारामी असं नाव देण्यात आलं. हे दोन्ही शोध लोकलनं दीड-दोन तासांच्या आतले. तेव्हा आगाशी-निर्मळच्या एखाद्या वाडीत चकचकीत निळा-हिरवा कोळी दिसला तर चांगला फोटो काढा आणि पुढे चला. आणि फिडिपसच हवा म्हणून परदेशातून चोरून पार्सल मागवू नका. जिवंत प्राणी परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत, आणि बाहेरची जात वाडीत सुटली तर ती परत गोळा करता येत नाही.

आता डबा. उडीमार कोळी उंचीचा भोक्ता आहे. दिवसा खाली उतरून शिकार करतो, पण झोपायला, कात टाकायला आणि अंडी घालायला तो जागेच्या सगळ्यात वरच्या कोपऱ्यात रेशमाची पांढरी पिशवी विणतो. म्हणून डबा रुंदीपेक्षा उंच हवा. प्लेक्सिपससाठी ८ सेंटीमीटर लांब-रुंद आणि १२ ते १५ सेंटीमीटर उंच एवढी जागा भरपूर झाली. हॅसारियसला याहून लहान चालतो. मोठा दिला तर जास्त सुखी होईल असं वाटतं, पण खूप मोठ्या डब्यात सोडलेली माशी त्याला सापडत नाही आणि तो तुम्हाला सापडत नाही.

मग येते झाकणाची गोष्ट, आणि नवखे लोक नेमके इथे फसतात. बाजारातल्या बहुतेक बरण्यांचं झाकण वर असतं आणि कोळी पिशवी विणतो ती अगदी त्या झाकणाला चिकटवून. पुढच्या वेळी खाऊ घालायला झाकण फिरवलं की त्याचं घर फाटतं. तो बिचारा पुन्हा विणतो, तुम्ही पुन्हा फाडता. रेशीम म्हणजे त्याच्या अंगातलं प्रोटीन. ते असं वाया घालवून चालत नाही. उपाय फुकटचा आहे: बरणी उलटी ठेवा. ड्रायफ्रूट किंवा गोळ्या-चॉकलेटची चौकोनी, पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या, झाकण खाली, बूड वर. झाकण हीच जमीन. साफसफाई करायची तर बरणी अलगद वर उचला. कोळी वर त्याच्या पिशवीत असेल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. खर्च करायची तयारी असेल तर साइनबोर्ड आणि ट्रॉफ्या बनवणाऱ्यांकडे ॲक्रिलिक कापून मिळतं. ३ मिलिमीटर जाडीचे तुकडे घेऊन समोरच्या बाजूला दार असलेली पेटी करून घ्या. दार अर्ध्या उंचीपर्यंतच ठेवा, वरचा भाग पक्का. चिकटवल्यावर पेटी दोन-तीन दिवस उघडी वाऱ्यावर ठेवायची, वास पूर्ण गेल्याशिवाय कोळी आत सोडायचा नाही.

हवेची भोकं पाडण्यात कंजूषी नको. एकाच बाजूला किंवा फक्त वर भोकं पाडली तर हवा आत कोंडून राहते. एका भिंतीवर खालच्या बाजूला आणि समोरच्या भिंतीवर वरच्या बाजूला, असे दोन पट्टे पाडा, म्हणजे हवा आरपार खेळते. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी मी तर दोन्ही बाजूंना निम्म्या भिंतीएवढी जाळीच लावा म्हणेन. भोकं गॅसवर तापवलेल्या दाभणानं किंवा सोल्डरिंग आयर्ननं पाडता येतात, खिडकीशी बसून, कारण प्लास्टिकचा धूर वाईट. दाभण आतून बाहेर ढकला. त्यामुळे वितळलेल्या प्लास्टिकची खरबरीत कड बाहेर येते आणि आतून भिंत गुळगुळीत राहते. भोक १ मिलिमीटरच्या आसपास. त्याहून मोठं झालं तर फळमाश्या निसटतात आणि मुंग्या शिरतात. जाळी लावायची तर हार्डवेअरच्या दुकानातली स्टीलची बारीक जाळी घ्या. नायलॉनची मच्छरदाणी चालते, पण खाद्य म्हणून नाकतोडे-रातकिडे टाकणार असाल तर ते ती कुरतडतात.

तळाला काय घालायचं? बागेतली माती नकोच. तिच्यातून मुंग्या, माइट्स आणि बुरशी आत येते. कोकोपीट उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात ते आठवडाभरात आंबूस वास मारायला लागतं. साधा टिश्यू पेपर सगळ्यात उत्तम. दिसायला रुक्ष आहे, फोटोत शोभत नाही, पण घाण झाली की लगेच दिसते आणि पाच सेकंदांत बदलता येतो. वर चढायला दोन-तीन सुक्या काटक्या तिरक्या टेकवा. नारळाच्या सोडणाचा तुकडा, बांबूची चिवटी, वाळलेलं आंब्याचं पान असं वाडीतलं सामान इथे कामाला येतं, मात्र आधी दोन दिवस कडक उन्हात तापवून घ्या आणि ज्या झाडावर नुकतीच फवारणी झाली आहे त्याचं काही उचलू नका. आंब्याचं किंवा फणसाचं पान वाळताना आत वळतं. त्याची पुंगळी डब्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात अडकवून द्या. बहुतेक कोळी पहिल्या काही रात्रींतच तिच्यात पिशवी विणतात. कापडी फुलं-पानंही चालतात. निलगिरीसारखं तेलकट उग्र वासाचं लाकूड टाळा.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हा प्राणी डोळ्यांवर जगतो. आठ डोळे, त्यांतले समोरचे दोन मोठे डोळे तपशील टिपतात, बाकीचे आजूबाजूची हालचाल. उडी मारताना अंतर कसं मोजतो यावर जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी निवडलेली जात होती हॅसारियस अडॅन्सोनाय, म्हणजे आपल्या मोरीतलीच. हिरव्या उजेडात तिच्या उड्या अचूक पडल्या. लाल उजेडात ती कमी अंतराची उडी मारून शिकारीच्या अलीकडेच पडायला लागली. तिच्या डोळ्यांतल्या पडद्याचे थर हिरव्या प्रकाशावर विसंबून अंतर ठरवतात, लाल उजेडात तो हिशेब चुकतो. तेव्हा शोभेसाठी लाल-गुलाबी एलईडी पट्टी डब्याला लावू नका. डबा खिडकीजवळ, दिवसाचा भरपूर पण थेट ऊन नसलेला उजेड येईल असा ठेवा. पश्चिमेची खिडकी असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर जागा बदलाच. बंद पारदर्शक डबा उन्हात अर्ध्या तासात जीव घेण्याइतका तापतो. पावसाळी काळोख्या दिवसांत जवळ साधा पांढरा एलईडी दिवा १० ते १२ तास लावला तर कोळी खातो-पितो, नाहीतर पिशवीतून बाहेरच येत नाही. रात्री मात्र काळोख हवा. लहान कोळी रात्री कधीकधी एका धाग्याला उलटे लटकून झोपतात. मेला समजून टोचू नका. हीटर, गरम पट्टी यांची आपल्याला वर्षभरात कधीच गरज नाही, जानेवारीतल्या रात्रीसुद्धा.

पाण्याची वाटी ठेवायची नाही. पावसाळा सोडून इतर दिवसांत दोन-तीन दिवसांनी एका भिंतीवर बारीक फवाऱ्यानं चार-पाच थेंब मारा. कोळी येऊन थेंबाला तोंड लावतो, आणि उरलेलं पाणी काही तासांत वाळलं पाहिजे. वाळत नसेल तर भोकं कमी पडली आहेत असं समजा. जुलै-ऑगस्टमध्ये काटकीच्या टोकाला आठवड्यातून दोनदा एक थेंब पुरतो, भिंती ओल्या करूच नका. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघडं ठेवलेलं किंवा पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा. कोळ्याचे पाय स्नायूंपेक्षा अंगातल्या द्रवाच्या दाबानं ताणले जातात, म्हणून पाणी कमी पडलं की पाय पोटाखाली आकसायला लागतात. असं दिसलं तर रंगाच्या कुंचल्याच्या टोकावर थेंब घेऊन त्याच्या तोंडाशी धरा. पुष्कळदा तासाभरात सावरतो.

खाद्य त्याच्या स्वतःच्या अंगाएवढं किंवा लहान. वाढत्या वयात एक दिवसाआड, मोठ्या मादीला तीन-चार दिवसांनी एक माशी. पोटाकडे बघून ठरवा: गोल टपोरं असेल तर उपास घडू द्या, सुरकुतलं असेल तर खायला द्या. लहान कोळ्यांसाठी फळमाश्या घरीच करता येतात. अति पिकलेलं केळं काचेच्या बरणीत घालून तोंडाला पातळ कापड बांधायचं. आधी दिवसभर उघडी ठेवली की माश्या आपोआप येतात आणि दहा-बारा दिवसांत त्यांची पुढची पिढी तयार होते. वसईत केळ्यांना तोटा नाही. फळमाश्या देताना बरणी दोन-तीन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, त्या सुस्तावतात आणि डब्यात ओतता येतात. मोठ्या मादीला मात्र फळमाशी म्हणजे तोंडाला लागणंही नाही. तिला घरमाशी, दिव्यावर येणारे छोटे पतंग किंवा तांदळाच्या डब्यात होणारी बारीक पाखरं द्या. ही पाखरं मला सगळ्यात सोयीची वाटतात, धान्यात औषधी गोळ्या घातलेल्या नसतील तर. मासळी बाजारातल्या माश्या आणि स्वयंपाकघरातलं झुरळ टाळा. त्यांनी कुठे काय खाल्लं आहे कोण जाणे. मुंगी तर देऊच नका. न खाल्लेलं खाद्य दुसऱ्या दिवशी बाहेर काढा, विशेषतः कोळी कात टाकायच्या बेतात असेल तर, कारण त्या वेळी तो लुळा असतो आणि भुकेला रातकिडा त्यालाच कुरतडतो.

विष हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका. डासांच्या भीतीनं संध्याकाळी घरोघर मशीन किंवा अगरबत्ती लागते, आणि डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत ती भीती खोटीही नाही. पण त्या रिफिलमधली पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्यं डासाइतकीच कोळ्यालाही मारतात. कोळी असलेल्या खोलीत मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळ्या बसवा, मशीन बंद. झुरळांचा स्प्रे आणि मुंग्यांचा खडू त्या खोलीत पूर्ण वर्ज्य. खडूचा हात डब्याला लागला तरी पुरे. कुत्र्या-मांजराला पिसवांचं औषध लावलं असेल तर हात साबणानं धुऊनच डबा उघडा. महानगरपालिकेची धूरफवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावा आणि डबा मोठ्या घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा. एवढ्याशा जिवाला आतली हवा तासभर सहज पुरते. धूर विरल्यावर खोलीत आधी वारा खेळू द्या. देवघराजवळ, जिथे रोज धूप-कापूर होतो, तिथे आणि गॅसच्या ओट्याजवळही डबा नको. धुवायचा झाला तर नुसतं गरम पाणी, फिनेल नाही.

विषाचा खडू चालत नाही म्हटल्यावर मुंग्यांचं काय? जुन्या घरांत दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तेच करा. पसरट ताटात पाणी, त्यात पालथी वाटी, तिच्यावर डबा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की मुंग्या तरंगत पलीकडे जात नाहीत. डबा भिंतीला टेकलेला नसावा. ताटातलं पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर तुम्हीच डास पोसाल.

हाताळण्याची घाई करू नका. चावला तरी माणसाला विशेष काही होत नाही, धोका त्याला आहे. हातावरून उडी मारून फरशीवर आपटला तर इजा होऊ शकते. हलवायचं तर मऊ कुंचल्यानं मागून हलकेच ढकला आणि पुढे छोटा पेला धरा, खाली पलंग किंवा गादी असू द्या.

पिशवी अचानक जाड झाली आणि कोळी आठ-दहा दिवस बाहेर आला नाही तर तो बहुधा कात टाकतो आहे. उजेड आणि एखादा थेंब, एवढंच चालू ठेवा. मोठी मादी असेल तर दुसरीही शक्यता आहे: बाहेरून पकडलेली मादी बहुतेकदा नराशी गाठ पडून आलेली असते, आणि नर नसताना डब्यात अंडी घालते. पिल्लं बाहेर आली की त्यांना एकत्र ठेवता येत नाही, एकमेकांना खातात. एक-दोन ठेवून बाकीची गॅलरीतल्या तुळशीवर, कुंड्यांत सोडून द्या, ती तिथलीच आहेत. आयुष्य साधारण वर्षभराचं, फार तर थोडं जास्त. शेवटच्या दिवसांत मादी उडी चुकवते, खाणं सोडते. तेव्हा तिला जबरदस्तीनं भरवण्यात अर्थ नाही.

गणपतीला किंवा मे महिन्यात आठवडाभर गावी जायचं असेल तर कोळी कुणाकडे ठेवायला देऊ नका, प्रवासाच्या धक्क्यांपेक्षा उपास त्याला परवडतो. निघायच्या आदल्या दिवशी पोटभर खाऊ घाला, काटकीवर पाण्याचे दोन थेंब द्या, पडदा अर्धा ओढून उजेड येऊ द्या. शेजारच्या काकूंना किल्ली देताना झाडांना पाणी घालायला सांगालच, त्याबरोबर खोलीत झुरळ दिसलं तरी स्प्रे मारायचा नाही हेही दोनदा सांगा.